अक्काचं गाठोडं

दसरा उलटला की दुबलगुंडीत एका सकाळी हमखास एक दृश्य दिसे. माझी थोरली बहीण नीलव्वा पाठीला गच्च बांधलेलं गाठोडं लावून वेशीबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत जाई आणि तशीच परत येई. ओढ्यावर तिचं काही काम नसे. गाठोडंही तिचं नसे. ते असे दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. दाजी गावचे वैद्य. दरवर्षी याच दिवसांत ते मुळ्या खणायला चिंचोळीच्या जंगलात जात आणि आठवडाभर तिकडेच राहत. जंगलात जाणार दाजी; पण त्यांचं ओझं आधी अक्काच्या पाठीवरून ओढ्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

आडावर पाणी शेंदणाऱ्या बाया तिला सोडत नसत. एकदा मी बरोबर होतो तेव्हा एकीनं विचारलं, "काय वैद्यीणबाई, मालकाला घरी ठेवून तुमीच जायलाव का जंगलात?"

"जायलाव की," अक्का न थांबता म्हणाली. "तुज्या नवऱ्याला संगं धाड. त्येचं पोट तरी जरा उतरंल."

घरी आली की ती गाठोडं ओसरीवर टेकवी आणि पुन्हा सगळं सोडी. तपेली घोंगडीच्या आत जाई, दोरीचं वेटोळं बाहेर येई, खणायच्या कुदळीचं पातं नव्यानं चिंधीत गुंडाळलं जाई. मी एकदा म्हणालो, "अक्का, हातानं उचलून बघितलं तरी वजन कळतं की." ती म्हणाली, "वजन कळतंय तम्मा. कुठं टोचतंय ते चालल्याबिगर कळत न्हाई." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजत असे.

आई लवकर गेल्यामुळे अक्कानंच मला वाढवलं. पुढे मी बिदरला शिकलो आणि कल्याणीच्या सरकारी उर्दू शाळेत मास्तर झालो. बसवकल्याण हे नाव नंतरचं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावाला नुसतं कल्याणी म्हणत. दर दसऱ्याला मी सोनं द्यायला अक्काकडे जाई, आणि जंगलाची तयारी पाहायला आणखी दोन-चार दिवस राही. मला पुस्तकांपलीकडे फारसं काही आवडत नसे, पण अक्काला बांधाबांध करताना पाहणं मला आवडे.

त्या बांधाबांधीला एक शिस्त होती. कडक भाकरी, शेंगांची चटणी, भाजलेली डाळ, गूळ, ज्वारीचं पीठ, हळद, मीठ, प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी. पाणी निवळायला तुरटी. मेणकापडात आगपेटी. जंगलाच्या नाक्यावरच्या जवानासाठी तंबाखू, कारण त्याशिवाय त्याला दाजींचा परवाना वाचता येत नसे. आणि प्रत्येक पुरचुंडीची गाठ निराळी. पिठाची सैल, गुळाची फासाची, हळदीची एकेरी, मिठाची दुहेरी आणि घट्ट. "अंधारात कंदील लावायला लागू नये," ती सांगे. "हात घातला की बोटाला कळाय पाहिजे." दाजींच्या बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की भर दुपारीही ते गाठोड्यात न बघताच हात घालत.

अक्कानं जंगल कधी पाहिलं नव्हतं. माहेरी काळं रान, सासरीही काळंच रान. बांधावर लिंब आणि बाभळी. पण दाजी परतले की ती त्यांना काही विचारत नसे. पाय धुवायला पाणी देई, गाठोडं पुढ्यात ओढी आणि एकेक गाठ सोडत जाई.

"भाकरी उरल्यात, डाळ सगळी संपलीय. पाऊस झाला. भाकरी सादळल्या, मग तुमी डाळीवरच भागवलाव."

दाजी उपरण्यानं तोंड पुसत.

"दोरी चिखलानं भरलीय. वढा भरला हुता. दोरीला धरून उतरलाव."

"हुसेननं सांगितलं व्हय तुला?"

"हुसेनचाचा अजून बैलं सोडायलाय. गाठोडं सांगायलंय." मग तिचा हात थांबे. "हळद कामून संपली? कुणाला लागलं?"

मग दाजी धोतराखाली झाकलेला पाय पुढे करत.

हुसेनचाचा म्हणजे दाजींचा गाडीवान आणि जंगलातला सोबती. चिटगुप्प्यापर्यंत त्याची गाडी जाई. पुढे सगळं पायी. तो म्हणे, "वैदजी नाड़ी देखते, अक्का गठरी देखती. मेरे कू तो दोनों का डर लगता."

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास घरोघरी ताप होता. दाजींच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असत आणि औषधांच्या बरण्या तळाला लागल्या होत्या. जंगलात जायलाच हवं होतं, तेही लवकर. मी पोहोचलो तेव्हा गाठोडं ओढ्यावर जाऊन आलेलं होतं. अक्का म्हणाली, "तम्मा, औंदा तूबी जा. पुस्तकात किती जंगलं वाचशील? जा आन् मला येऊन सांग कसं दिसतंय ते. ह्येनी नुसतं मुळ्याचंच बोलत्यात."

"आणि तू?"

"मी हाय की हितं. गाठोडं सोडायला कुणीतरी घरात पाहिजे."

आम्ही निघालो. चिटगुप्प्याला गाडी ओळखीच्या घरी ठेवली आणि चालू लागलो. पहिला दिवस बांधून दिलेल्या भाकरीवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका विहिरीवर थांबलो. समोर टेकड्यांची निळसर ओळ, तिच्या पायथ्याशी साग, त्याची पानं उन्हानं करपत आलेली. हुसेनचाचानं तीन दगड मांडून पिठल्याचं आधण ठेवलं. दाजींनी नेहमीप्रमाणे न बघता गाठोड्यात हात घातला.

हात आत फिरला. थांबला. पुन्हा फिरला. मग दाजींनी अख्खं गाठोडं घोंगडीवर रिकामं केलं आणि प्रत्येक पुरचुंडी चाचपली. सैल गाठ, फासाची गाठ, एकेरी गाठ. दुहेरी गाठ नव्हती.

"मीठ न्हाई," ते म्हणाले.

हुसेनचाचा हसला. "नमक नै तो क्या हुआ, वैदजी? तांडे में मिल जाता ना. एक बखत फीका खाओ."

दाजी हसले नाहीत. ते सामान परत भरू लागले. मी म्हणालो, "दाजी, मीठच राहिलंय ना? मी जातो तांड्यावर, घेऊन येतो."

"मीठ मिळंल मास्तर," दाजी म्हणाले. "तिच्याकडनं मीठ ऱ्हातंय कसं? लग्न झाल्यापासनं कदी राह्यलं न्हाई. ती बरी न्हाई. मी परत जायलाव."

"और गाँव की दवा?" हुसेनचाचा उठून उभा राहिला. "लोगां बैठे हैं ओसरी पे."

दाजींचे हात थांबले. समोर जंगल होतं, मागे दोन दिवसांची वाट. मला त्यांच्या मनाची ओढाताण दिसत होती, कारण लपवणं त्यांना जमत नसे. शेवटी ते म्हणाले, "गुळवेल, मुसळी, अनंतमूळ तुला वळखू येतंय. तांड्यावरचा एक गडी घे आन् मिळंल तेवढं आण. बाकीच्याचं म्या बघतो." हुसेनचाचानं मान डोलावली. कुदळ खांद्यावर घेतली, आपली चटणी-भाकरी दाजींपुढे सरकवली आणि तो जंगलाकडे निघाला.

परतीच्या वाटेवर दाजी झपाझप पुढे चालत होते. भाकरी दोघांच्याही हातात नुसती येऊन परत गाठोड्यात गेली. चिटगुप्प्याहून गाडी त्यांनी स्वतः हाकली.

घरी अक्का आतल्या खोलीत अंथरुणावर होती. शेजारीण म्हणाली, "तुमी जायच्या आधीपासनं अंगात ताप हुता. सांगायचं न्हाई म्हणाली. सांगितलं तर ह्येनी जायचे न्हाईत, आन् मानसं तर दारात बसल्यात, म्हणाली." तिच्या छातीत कफ भरला होता; श्वासाचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. दाजींनी तिचा हात हातात घेतला. नाडी पाहायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांनी तो धरून ठेवला. मग हलकेच खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला समजलं.

अक्कानं डोळे उघडले. "आलाव? मुळ्या कुठं हायत्या?"

"हुसेन आणायलाय."

"गाठोडं आणा हितं."

मी ते तिच्या कुशीशी ठेवलं. पडल्या पडल्या तिनं हात आत घातला. "भाकरी हाय तशीच हाय," ती म्हणाली. "कायबी खाल्लं न्हाई दोघांनीबी." बोटं पुढे सरकली. पीठ, गूळ, हळद. मग ती तिथंच घुटमळली. "मीठ?"

"असू दे," दाजी म्हणाले.

"मीठ राह्यलं व्हय माज्याकडनं?" लाजल्यासारखी ती किंचित हसली, आणि मग काहीतरी उमगून दाजींकडे पाहू लागली. "म्हणून आलाव?"

दाजींनी मान हलवली.

"शाणे झालाव," अक्का म्हणाली.

औषध दाजींनी दिलंच. बरण्यांच्या तळाचं होतं ते सगळं खरवडून दिलं. संध्याकाळी तिला थोडी हुशारी आली तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. "तम्मा, जंगल कसं हाय?"

"अक्का, मी आत गेलोच नाही. काठावरूनच परतलो."

"मग काठ सांग."

मी काठ सांगितला. विहीर सांगितली, तिच्या कडेला उगवलेला पिंपळ सांगितला. सागाचं पान केवढं असतं ते दोन्ही हात पसरून दाखवलं. त्यात भाकरी बांधता येईल म्हणालो तेव्हा तिचे डोळे लकाकले. टेकड्या लांबून निळ्या दिसतात आणि जवळ गेलं की तपकिरी होतात, हेही सांगितलं. हुसेनचाचा झाडांत शिरला तेव्हा दोन पावलांतच दिसेनासा झाला, फक्त त्याच्या खोकल्याचा आवाज येत राहिला, असं म्हणालो. ती डोळे मिटून ऐकत होती. "आन् वाट?" तिनं विचारलं. "वाट कशी हाय? टोचती का पायाला?" मी म्हणालो, "नाही अक्का, मऊ आहे. पानांची." ते मात्र मी मनचं सांगितलं.

दिवाळीच्या आधीच ती गेली. हुसेनचाचा मुळ्यांचं पोतं घेऊन आदल्या दिवशी पोहोचला होता. तिच्यासाठी ते उशिरा आलं. गावातल्या बऱ्याच जणांसाठी वेळेवर आलं. ती गेली त्या दिवशीही ओसरीवर दोन माणसं औषधाला बसली होती, आणि दाजींनी आधी त्यांच्या पुड्या बांधल्या.

आम्ही लिंगायत; आमच्यात माती देतात. शेतात बांधाजवळ खड्डा घेतला. जिवंत माणसाला बसवतात तसं तिला बसवलं, हातात तिचं इष्टलिंग ठेवलं. विभूती झाली, बेलाची पानं झाली. मग विधी करणाऱ्या स्वामींनी मीठ मागितलं, तेही लागतं. कुणीतरी दुकानातून आणलेली टोपली पुढे केली. दाजी म्हणाले, "थांबा जरा," आणि घराकडे चालू लागले.

ते परतले तेव्हा त्यांच्या मुठीत एक लहानशी पुरचुंडी होती. चुलीमागच्या कोनाड्यात ती तशीच राहिली होती. अक्कानं मीठ बांधलं होतं. उचलायचं तेवढं राहिलं होतं.

खड्ड्याच्या कडेला बसून दाजी गाठ सोडू लागले. दुहेरी गाठ, घट्ट ओढलेली, वर मिठाच्या ओलीनं फुगलेली. गाठ सुटेना. कुणीतरी विळा पुढे केला. दाजींनी नको म्हणून मान हलवली. आडावरच्या त्या बायाही आल्या होत्या, पदर तोंडाशी धरून उभ्या. हुसेनचाचा बांधावर उकिडवा बसून होता. स्वामींनी एकदा सूर्याकडे पाहिलं, पण घाई करा असं तेही म्हणाले नाहीत. दाजींनी डोळे मिटले, जंगलात गाठोड्यात हात घालत तसे, आणि बोटांनी गाठीचं टोक शोधू लागले. आम्ही सगळे थांबलो.