रईसाबीनं उजवीकडून मांडलेल्या रजया

बार्शीटाकळीची रईसाबी पिंजाऱ्याच्या घरची. शाळा उर्दूची, तीही चौथीपर्यंत. पण चिंध्यांचा ढीग समोर टाकला, की त्यातून कशी रजई होईल हे तिला बसल्या जागी दिसायचं.

त्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली. वेचणीची मजुरी बुडाली, तशा बचत गटातल्या अकरा बाया तिच्या ओसरीवर रजया शिवायला बसल्या. रजया छताला टेकल्या, पण घेणार कोण? गावात साऱ्यांचेच हात आखडलेले.

अकोल्याच्या प्रदर्शनात गाळा मिळत होता, पण ज्या गटाचं स्वतःचं वेबसाईटचं पान असेल त्यालाच. पानाचा पत्ता शनिवारी पाचच्या आत पाठवायचा.

कॉम्प्युटर क्लासच्या दामिनी मॅडमनं रईसाबीला खुर्चीवर बसवलं. "मावशी, लिहिणं कमीच हाये. चौकट उचला, पायजे तिथं ठेवा."

"म्हंजे ठिगळ जोडाचं! अन् चुकून पुसलं तं?"

"मागं वळलेला बाण दाबा, परत येते."

"अर्धं काम लोकायले दिसते का?"

"नाई. 'प्रकाशित करा' दाबल्यावरच दिसते."

"तवरोक कच्चा टाका. समजलं."

शनिवारी दुपारपर्यंत सात रजया मांडून झाल्या, प्रत्येकीची एक ओळ: फोटो, माहिती आणि किंमत. मोठ्या पडद्यावर पान असं झळकलं, की रईसाबीनं आपलीच पाठ थोपटली आणि बटण दाबलं. दामिनी क्लासची किल्ली तिच्या हाती देऊन अंजनगावला लग्नाला निघून गेली.

चार वाजता गटातली सुभद्रा आपला फोन नाचवत आली. "काय व हे, रईसाबी? आंधी किंमत, मंग माहिती, अन् रजई पार खाली! गिऱ्हाईक आकडा वाचूनच पयून जाईन."

"इथं तं बराबर हाये!"

"तुह्या कॉम्प्युटरात असन. लोकं तं फोनातच पायतात ना!"

दामिनीचा फोन लागेना. सुभद्रानं कपाळाला हात लावला. रईसाबीनं मात्र पिशवीतून तीन ठिगळं काढली, टेबलावर ओळीनं ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसली.

"अल्ला! सुभद्रा, माहा हात उजवीकडून चालते. उर्दूवानी. रजई उजवीकडं ठेवली, मंग माहिती, किंमत डावीकडं. फोन अरुंद. तो डावीकडून एकेक उचलून एकाखाली एक रचून राहिला."

"मंग आता?"

"आता उसवाचं."

सातही ओळी तिनं उलट्या केल्या. रजई डावीकडे, किंमत उजवीकडे. पाचव्या ओळीत माहितीच पुसली गेली. सुभद्रा किंचाळली, रईसाबीनं बाण दाबला, माहिती परत आली. पाच वाजायला सात मिनिटं असताना तिनं पुन्हा प्रकाशित केलं, आणि या वेळी आधी सुभद्राच्या फोनात पाहिलं. सगळ्यात वर लाल-हिरवी रजई, डोळ्यात भरणारी. मगच पत्ता पाठवला.

गाळा मिळाला. अगदी दरवाज्याजवळचा! आयोजकांपैकी एक बाई म्हणाली, "तुमचं पान फोनवर किती नीट दिसतं हो, कोणाकडून करून घेतलं?"

"मीच शिवलं," रईसाबी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गाळ्यात एकच रजई उरली, बसायला अंथरलेली. अमरावतीच्या एका बाईनं तिचाच हट्ट धरला. रईसाबीनं सुभद्राला हात धरून उठवलं, रजई झटकली आणि घडी घालून दिली. उरलेला दिवस अकराही बाया उभ्यानंच हसत होत्या.