सरांचा उपास

"सर, तुमी हितं हुबं ऱ्हावा. पावण्यांच्या मागं."

चेअरमननी बोटानं जागा दाखवली. खुर्च्यांच्या मागं, भिंतीला लागून. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडं पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

सांगलीच्या एका कॉलेजात मी फ्रेंच शिकवत होतो. राखीव जागेवर. कॉलेज चेअरमनच्या संस्थेचं. अजून कायम झालो नव्हतो, आणि कायम करणारी सही त्यांचीच.

चेअरमनचाच साखर कारखाना बघायला फ्रान्सहून नवरा-बायको आले होते. जेवण चेअरमनच्या आष्टा रस्त्यावरच्या बंगल्यावर. आमच्या विभागप्रमुखांचा घसा पाहुण्यांसमोर अचानक बसला. आयुष्यभर फ्रेंच व्याकरण घोकून घेतलं, आणि मीठ मागता येईना. म्हणून मला नेलं. बोलायला. जेवायला नाही.

पाहुण्यांना चांदीची ताटं. ही माणसं घरी गाय खातात, हे चेअरमनना ठाऊक होतं. ते चालत होतं. माझा बाप कोयनानगरला धरणावर राबला, त्या धरणाच्या विजेवर बंगल्याचे दिवे लागत. तेही चालत होतं. माझं ताट तेवढं टेबलावर चालत नव्हतं. गोऱ्या कातडीपुढं पाघळणारं सोवळं!

बाई मागं वळली. "प्राध्यापक का जेवत नाहीत?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. चेअरमन हसले.

"सांगा की, सरांचा आज उपास हाय."

विभागप्रमुखही हसले. हसायला घसा बरा होता.

उपास! बाप बौद्ध झाला त्या दिवशी आमच्या घरातले उपास सुटले. नंतर जे घडले, ते कुठल्या देवासाठी नव्हते.

रश्श्याचा वास येत होता. मला खरंच लय भूक लागली होती.

मी बाईला फ्रेंचमध्ये सांगितलं, "माझा उपास आहे, असं सांगायला मला सांगितलंय. उपास नाही. मला भूक लागलीय. माझ्या जातीमुळं मला बसू दिलेलं नाही."

तिनं चमचा खाली ठेवला.

"काय म्हनला ह्यो?" चेअरमननी विचारलं. विभागप्रमुखांना सगळं कळलं होतं. त्यांनी ताटात मान घातली. मग मीच मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द.

"कायम व्हायचंय न्हवं तुमास्नी?" चेअरमन हळूच म्हणाले.

मी चालत बाहेर पडलो.

पुढच्याच महिन्यात नोकरी गेली. काम असमाधानकारक. शेरा विभागप्रमुखांचा, सही चेअरमनची. शेरा लिहायला हात बरा होता.

आई म्हणाली, "उपास हाय म्हनला असतास, तर काय झिजलं असतं रं?"

"आये, मग रोज म्हणावं लागलं असतं."



मी संस्थेवर केस केलीय. चेअरमनची माणसं येऊन जातात. "माफी मागा गड्या, मिटवून टाकू." माफी मागणार नाही. नोकरी माझी आहे, ती मी घेणार आणि त्याच वर्गात शिकवणार. चेअरमनच्या पंगतीला मात्र बसणार नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं पाट मांडला, तरी नाही.