ओलाव्याचा आकडा

नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला सांगेन सांगेन म्हणता ती गेली. आणि ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्यांच्या ओट्यावर बसून मी वर्षानुवर्षं हसत चहा पीत आले. आज पहिल्यांदा कुणाला तरी तोंडानं सांगतेय — तुम्हाला. कुठून सुरुवात करू? आम्ही जिंकलो तिथून करावीशी वाटते. कारण आम्ही जिंकलो हे खरंच आहे, आणि ते आठवलं की अजून माझी छाती फुगते. पण आधी त्या शेडकडे जावं लागेल.

मी अवसरी खुर्दची. रसायनशास्त्र घेऊन शिकले आणि पुण्याच्या एका औषध कंपनीत लागले. कंपनीला औषधासाठी हिरडा लागायचा, आणि हिरड्याची झाडं जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या डोंगरात. म्हणून जुन्नरला कंपनीचं खरेदी केंद्र होतं — पत्र्याची शेड, पुढं मोकळं अंगण, मागं भिंतीवर पाण्याची टाकी. ते माझ्या ताब्यात दिलेलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं कंपनीला विचारलं, तुमचा हिरडा येतो कुठून? तोडणाऱ्या माणसांना काय मिळतं? झाडांचं काय होतं? आमच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. व्यापाऱ्याकडून पोती यायची, एवढंच ठाऊक. मग साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, माल देणाऱ्यांसाठी नियम लिही.

मी लिहिले. पुण्यात पंख्याखाली बसून लिहिले! फांद्या तोडायच्या नाहीत, शाळेच्या वेळी पोरांना झाडावर चढवायचं नाही, माल डांबरी रस्त्यावर वाळवायचा नाही — हे बरोबरच होतं. पण हातमोजे घालूनच तोडणी करावी, असंही लिहिलं होतं. घाटघरला जाऊन ते वाचून दाखवलं तेव्हा समोरच्या बायकांमधली एक उंच, सावळी बाई पोट धरून हसायला लागली.

"हातमोजं घालून झाडाव चढायचं? मॅडम, आधी तुमी चढून दावा, मंग आमी घालतो."

त्या हौसाबाई. बचत गटाच्या प्रमुख. व्यापाऱ्याला वगळून थेट कंपनीला माल द्यायचा, ही गोष्ट त्यांनी एका बैठकीत उचलून धरली. बाकीच्या बायका बिचकत होत्या. हौसाबाईंनी घरोघर जाऊन त्यांना तयार केलं. त्या उन्हाळ्यात वाळवणीवर त्या स्वतः उभ्या राहिल्या. कातळ झाडून घ्यायच्या, फळं पसरायच्या, रोज पालटायच्या, दाताखाली फोडून बघायच्या. वाजल्याशिवाय पोत्यात भरू द्यायच्या नाहीत.

पहिला माल एका शुक्रवारी जीपनं जुन्नरला आला. मी यंत्रावर ओलावा मोजला. आठ टक्के आला. दहापर्यंत चालणार होता — आठ म्हणजे उत्तम. "छान वाळलाय," मी म्हणाले, आणि वहीत आठ लिहिला. हौसाबाई एवढ्या खूश झाल्या की परत जाताना जीपमधूनही हात हलवत होत्या.

आता — आता सांगते.

माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता. एसटी चुकवायची नव्हती. हात धुवायला गेले तर नळाला पाणी नाही, म्हणून मोटारीचं बटण दाबलं. वीज गेलेली. बटण तसंच ठेवून मी निघाले. पोती मागच्या भिंतीला टेकून जमिनीवरच होती. पोत्यांखाली फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर अंतर हवं, हा नियम कुणाचा? माझाच. फळ्या अंगणात पडून होत्या. सोमवारी बघू, म्हटलं.

वीज कधी आली, किती वेळा गेली, कोण जाणे. सोमवारी फाटकातून आत शिरतानाच मोटारीचा आवाज ऐकू आला. टाकी भरून वाहत होती, पाणी भिंतीवरून उतरून शेडमध्ये शिरलं होतं. खालची पोती काळी पडली होती. मी ती ओढत अंगणात आणली, दोन दिवस उन्हात पसरली, पुन्हा भरली आणि पुण्याला पाठवून दिली. वरून कोरडी दिसत होती. मी आतून एकही फळ फोडून बघितलं नाही. बघायची भीती वाटली, दुसरं काय?

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. मालाला बुरशी लागली होती. "घेताना ओलावा किती होता?" त्यांनी विचारलं. वही समोर उघडी, पेन हातात. तुम्ही म्हणाल, गोंधळले असेन. नाही हो. माझं डोकं तेव्हा स्वच्छ चाललं होतं. नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. मी म्हणाले, "अठरा." आणि फोन कानाला असतानाच आठाच्या आधी एकाचा आकडा ओढला. पेनाचा एक फटकारा, बस्स.

"मग घेतलास कशाला?"

"पहिलंच वर्ष होतं, सर. बायकांना संधी द्यावीशी वाटली."

पाहिलंत? नुसतं खोटं बोलून माझं भागलं नाही. त्या खोट्यात मी मोठ्या मनाची झाले. साहेब म्हणाले, तुझी भावना समजते, पण नियम तो नियम. माल बाद केला आणि घाटघरचा गट यादीतून काढला.

हौसाबाई जुन्नरला आल्या. तडक शेडमध्ये. ओच्यातून मूठभर हिरडा काढून माझ्यासमोर ठेवला, एक दाताखाली कडाडून फोडला. "ह्यो त्याच वाळवणीचा हाय. ओला हिरडा आसा वाजतो व्हय? तुमीच म्हनला व्हता ना, छान वाळलाय?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "वरून तसा दिसत होता. यंत्रानं वेगळं दाखवलं."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग निघून गेल्या.

पुढची दोन वर्षं बाकीच्या गटांच्या कामाला मी वाटेवरच्या डिंगोऱ्यापर्यंतच जायची. घाटघर टाळायची. पण बातम्या यायच्या. गावात बायका म्हणायला लागल्या, हौसाबाईनं घाई केली, ओला माल भरला, समद्यांचं नाव घालवलं. गटाचं प्रमुखपद त्यांच्याकडून काढून घेतलं. सख्खी जाऊ बोलेनाशी झाली. माल पुन्हा व्यापाऱ्याकडे गेला. त्याला कशाशीच घेणंदेणं नव्हतं, त्यामुळे भराभर फळं मिळावीत म्हणून कुणी कुणी फांद्याच उतरवायला लागलं. एकदा कामासाठी नाणेघाटाच्या वाटेनं जावंच लागलं, तेव्हा उतारावरची थोटी झाडं जीपमधून दिसली. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली नाही.

तिसऱ्या वर्षी नियम सुधारायचे ठरले. जुन्नरला सभा ठेवली, साहेब पुण्याहून आले, माल देणारे सगळे गट बोलावले. घाटघरला निरोप नव्हता. तरी हौसाबाई आल्या. एकट्या. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत मागं बसल्या आणि मग उभ्या राहिल्या.

"तुमी आमाला लई नियम लावता, साहेब. झाडाचं नियम चांगलं हायेत, आमी पाळू. पर तुमाला नियम कोन लावनार? यंत्र काय म्हनतं ते आमच्यासमोर बोलू द्या. आकडा आमाला बी लिहून द्या. आन् त्याच मालातल्या दोन पिशव्या लाखंनं बंद करून एक तुमच्याजवळ, एक आमच्याजवळ ठिवा. उद्या भांडान झालं तर दोगांच्या पिशव्या उघडा."

साहेब जागचे उठले आणि म्हणाले, "बाई, हा नियम आम्हालाच सुचायला हवा होता." तिथल्या तिथे तो लिहून घेतला. लिहिला कुणी? मीच. माझ्याच अक्षरात. घाटघरचा गट परत यादीत आला. त्या दिवशी घरी जाताना मी रडले, पण खरं सांगते, त्यात भीतीपेक्षा आनंद जास्त होता. माझ्याशिवाय, माझ्या विरुद्धच म्हणा ना, ती बाई उभी राहिली होती.

आणि मग तो दिवस. दोन-तीन हंगाम सुरळीत गेल्यावर पुण्याच्या गोदामातून ओरड आली, घाटघरचा माल बुरशीचा, परत पाठवतो. या वेळी मी काही केलं नव्हतं. फोन ठेवला आणि सरळ घाटघरला गेले. हौसाबाईंनी फडताळातून पिशवी काढली, पदरात बांधली. चार बायकांना घेऊन पुणं गाठलं. मीही बरोबर. ऑफिसात नेमकी परदेशी गिऱ्हाइकाची बाई तपासणीला आली होती. दोन्हीकडची लाख सर्वांसमोर फोडली. हौसाबाईंच्या पिशवीतला हिरडा यंत्रात घातला — आठ. कंपनीजवळची जोडीची पिशवी — आठ! मग गोदाम बघितलं, तर पत्र्याला भोक, आणि खालीच घाटघरची पोती.

काय सांगू तुम्हाला तो आनंद! कंपनीनं माल ठेवून घेतला. हौसाबाई तेवढ्यावर उठेनात. "चुकी झाली म्हनून मराठीत लिहून द्या, आन् वाचून दावा." साहेबांनी लिहिलं आणि उभं राहून वाचलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्या परदेशी बाईनंही वाजवल्या, गोदामातले हमाल दारात येऊन वाजवायला लागले. परतीच्या वाटेवर नारायणगावला आम्ही मिसळ खाल्ली, आणि हौसाबाईंची जाऊ, जी बोलत नव्हती ती, तिनं आपल्या ताटातली शेव उचलून त्यांच्या ताटात टाकली. गटाचं प्रमुखपद दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे आलं.

तो नियम कंपनीनं सगळ्या वनस्पतींना, सगळ्या गावांना लावला. उतारावरच्या थोट्या झाडांना नवे धुमारे फुटले. पोरं तोडणीच्या दिवसांतही शाळेत दिसू लागली. आणि मला बढती मिळाली. पुण्यात एका मोठ्या सभेत शाल, नारळ, टाळ्या. भाषणात मी म्हणाले, "हा नियम आमच्या अनुभवातून आला." आमच्या! हौसाबाईंचं नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर कुणी विचारलं असतं, त्यांना हे सुचलं कशावरून? मग काय सांगितलं असतं मी?

इथेही हे थांबलं असतं. मी गप्पच राहिले असते, हेही कबूल करते. पण मागच्या महिन्यात आंबेगावच्या डोंगरातल्या नव्या गटांसाठी डिंगोऱ्याला शिबिर होतं, आणि शिकवायला हौसाबाई होत्या. काय शिकवतात! लाख कशी लावायची, अंगठा कुठं उठवायचा, कंपनीच्या माणसाला काय विचारायचं. नव्या बायका डोळे विस्फारून ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "पर यंत्रच खोटं बोललं तर वो?"

"यंत्र न्हाई खोटं बोलत, बाय," हौसाबाई म्हणाल्या. "पयल्या साली आमचा माल बाद झाला, तवा मी ह्या मॅडमशी लई भांडले. पर पुन्यात सोताच्या डोळ्यांनी बघितलं, यंत्र खरं तेच दावतं. म्हंजी तवाचा माल ओलाच आसनार. माझीच घाई झाली आसंल. चुकी मानून शिकायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी हसून मान हलवली.

काय केलं मी, कळतंय तुम्हाला? त्या बाईनं कंपनीला वाकवलं, गाव परत मिळवलं, डोंगराची झाडं वाचवली. पण माझं खोटं तिनं स्वतःचा दोष म्हणून उचललं, आणि आता ती ते पुढच्या बायकांना शिकवतेय. तिच्या सगळ्या विजयात तेवढी एक जागा पोखरलेली आहे, आणि ती मी पोखरलीय.

मी तेव्हा तरुण होते, घाबरले होते, हे सांगून काही होत नाही. घाबरलेल्या तर गटातल्या बायकाही होत्या.

कंपनीला सगळं लिहून पत्र टाकलंय. रविवारी घाटघरला जातेय. हौसाबाईंना वाचता येत नाही, म्हणून कागद मीच वाचणार, सगळ्या बायका जमल्यावर, मोठ्यानं. त्यांनी माफ करावं म्हणून नाही. ते मागायला मी जात नाही. कागदाच्या पहिल्या ओळीत एवढंच लिहिलंय: पहिल्या वर्षी तुम्ही आणलेला हिरडा उत्तम वाळलेला होता, तो माझ्या शेडमध्ये माझ्या हातून भिजला, आणि आकडा मी बदलला.