बोंबील आणि हिमालय

सुक्या बोंबलांचा वास आला की मला हिमालय आठवतो.

ऐंशीच्या दशकात मी भूगर्भशास्त्र शिकत होते. हिमालयातल्या अभ्यासदौऱ्याला बाबांनी साफ नकार दिला, तेव्हा सातपाटीच्या आमच्या अंगणात मी आईला गाठलं. खारं ऊन तापलं होतं. ती जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर टाकत होती. मी घडी घातलेलं जाळं भिंतीवर रेटलं. घड्या एकमेकींवर चढल्या.

"जमिनीचे थर असेच चढतात, आई. खालचा खोल जातो, दाबानं नि उष्णतेनं त्याचा वेगळाच दगड होतो. वरचं झिजलं की तो पुन्हा उजेडात येतो. मला तो हातात घ्यायचाय. मी जाणार."

आईचे हात थांबले नाहीत. ओट्यावर बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दगडानं कोनाला विचारलं नाय, मग तू कशाला विचारते?"

मग तिनं दारामागून सुक्या बोंबलांची पिशवी आणून माझ्या हातात दिली. दगडाच्या गोष्टीनं मी तिला जिंकलं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. पण माझ्या वाटेसाठी भरलेल्या त्या पिशवीचं तोंड तर आधीच शिवलेलं होतं.