साडूंच्या लिव्हरला आलेला गुण

जगातल्या कुठल्याही झाडाचं पान आमच्या साडूंसमोर निर्धास्त हलताना मी पाहिलेलं नाही. ते रस्त्यानं निघाले की बांधावरची गुळवेल लिंबाला घट्ट बिलगते, एरंड पानं मिटून घेतो आणि दारादारांतली कोरफड कुंडीसकट आत सरकते, असं त्यांच्या गल्लीतले लोक शपथेवर सांगतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत आहे. सोयाबीनच्या व्यवहारात त्यांच्याइतका संशयी माणूस आसपासच्या तीन जिल्ह्यांत सापडायचा नाही. सख्ख्या भावानं माल आणला तरी पोत्याच्या पोटात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढणार, एक दाताखाली फोडून बघणार, मग ओल मोजायचं यंत्र लावणार आणि यंत्रावरही भरोसा नसल्यामुळे शेजारच्या आडतीवरचं यंत्र मागवणार. असा हा माणूस लिव्हरच्या औषधाबाबत मात्र एसटीत शेजारी बसलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या प्रवाशाच्या शब्दावर तांब्याभर काढा पिऊन मोकळा व्हायचा.

सुरुवात एका सोनोग्राफीनं झाली. पोटात गॅस धरतो म्हणून गेले, तर लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, रोज चाला, गोड-तळलेलं कमी करा. साडूंना तो स्वतःचा आणि दुखण्याचाही अपमान वाटला. "चाला म्हनं," ते मला नांदेडला फोन करून म्हणाले, "चालून बरं व्हायला ते लिव्हर हाय का बैल?" आणि त्या दिवसापासून माणूस जो सुटला तो सुटलाच. सकाळी भुईआवळ्यासाठी औशाकडं, दुपारी पुनर्नव्यासाठी उदगीरकडं, आणि संध्याकाळी कुणीतरी मोबाइलवर दाखवलेल्या परदेशी काटेरी झाडाच्या कॅप्सुली नांदेडात मिळतात म्हणून माझ्या दारात. चहा उभ्यानं प्यायचे. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, कुणी फोन करून नवं पान सांगितलं तर उठायला उशीर नको म्हणून. औषध शोधायला ते इतके हिंडले, की त्यातलं निम्मं पायी हिंडले असते तर डॉक्टरांचं म्हणणं फुकटात पाळलं गेलं असतं.

दर महिन्याला रक्त तपासून घ्यायचे, कारण पुरावा पाहिजे. लिव्हरचा आकडा खाली आला की काढ्याचा गुण. वर गेला की लॅबवाल्याची चूक. जिथल्या तिथं राहिला तर, "औषधानं धरून ठिवलंय, न्हाईतर कुठं गेला आसता." अशा हिशेबात काढा हरायची सोयच नव्हती.

एकदा मला देगलूरकडच्या एका खेड्यात नेलं. तिथला एक माणूस अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलत हातावरून कावीळ उतरवायचा. साडूंना काही कावीळ नव्हती, पण असली तर निघालेली बरी. त्यानं साडूंच्या हातावर कसल्याशा सालीचा रस चोळला, वरून चुन्याची निवळी ओतली, आणि खालच्या परातीत पाणी पिवळंधमक उतरलं. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही परातीत त्यांनी स्वतः जन्म दिलेलं लेकरू आहे. मला खोडी सुचली. मी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि म्हणालो, माझेही धुवा. माझं पाणी त्यांच्यापेक्षा पिवळं निघालं. मी विजयी मुद्रेनं साडूंकडं वळलो. त्यांचा चेहरा गंभीर झाला होता. "म्हंजे तुम्हाला बी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "बरं झालं पाव्हणं, येळेवर आलो."

पण त्यांची खरी श्रद्धा बसली ती इस्लापूरच्या बाबांवर. सहस्रकुंड धबधब्याच्या अलीकडं शेतात राहणारे हे म्हातारे एक करडी पुडी द्यायचे आणि पैशाला शिवायचे नाहीत. "पैसेच घेत न्हाईत, तर खोटं कशाला बोलतील?" साडू म्हणायचे. ह्या युक्तिवादापुढं मी आजवर टिकलेलो नाही.

ह्या उन्हाळ्यात साडूंच्या बायकोचा, आमच्या आक्काचा फोन आला. "भाऊजी, हे हळद लावल्यावानी दिसायलेत. लग्नात बी इतके पिवळे नव्हते. आन् म्हंतेत, बलबचा उजेड हाय." मी हसलो. ती हसली नाही. "रातंदिस अंग खाजवायलेत. मला भ्या वाटायलंय."

मी लातूर गाठलं तेव्हा साडू अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि डोळ्यांचे पांढरे भाग पांढरे राहिलेले नव्हते. दोघांनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. पोटाच्या डॉक्टर तरुण होत्या. आक्कानं एक पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. बाटल्या, डब्या, मुळ्या, पुड्या, काविळीवर गळ्यात घालायची एक वाळकी माळ. डॉक्टरीणबाईंनी त्या ढिगातली एकेक डबी उचलून पाहिली. "हे सगळं एकाच वेळी?"

"निसर्गाचं हाय," साडू म्हणाले. "निसर्गाचं बाधत न्हाई."

"धोतराही निसर्गाचाच आहे, काका."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ह्यातल्या काही झाडांवर अभ्यास चालू आहेत, पण लिव्हर ह्यानं बरं होतं असं छातीठोक सांगावं इतका पुरावा त्यांना अजून एकाचाही दिसलेला नाही. गुळवेलीनं काहींच्या लिव्हरला सूज आल्याचं मात्र नोंदलेलं आहे. आणि पुडीत काय आहे, हे पुडी देणाऱ्यालाच ठाऊक. "तुम्ही आडतवाले ना? दहा शेतकऱ्यांचं सोयाबीन एका ढिगात ओतलं आणि ढीग ओला निघाला, तर कुणाचा माल ओला ते सांगाल?"

साडूंना हा सवाल रोजचाच. "ढीगच घ्यायचा न्हाई," ते म्हणाले.

"तेच करा. सगळं बंद. आणि आजच ॲडमिट व्हा. रक्त गोठायला वेळ लागतोय. तो वाढत गेला तर हैदराबादला हलवावं लागेल. लिव्हर बदलायची पाळी येऊ शकते."

आयुष्यात पहिल्यांदा साडूंना कुणी काहीच घेऊ नका असं सांगितलं होतं, आणि तेही असं, की न ऐकलं तर जीव जाईल. सलाइनचा स्टँड हातात धरून ते वॉर्डभर असे फिरायचे, की नवीन पेशंटला वाटावं, हेच राउंडला आलेत. सकाळी रक्त जायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत आक्का जिन्याच्या पायरीवर बसून असायची. आकडा एक दिवस वर गेला. त्या दिवशी साडू लॅबवाल्याला काहीच बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मग आकडा थबकला. मग उतरू लागला. डोळे निवळले, खाज गेली, आक्का घरी जाऊन झोपली. सुट्टी मिळताना साडूंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी बरा कशानं झालो?"

"कशानंच नाही. थांबलात, आणि लिव्हरनं स्वतःला सावरलं. साधी कावीळही बऱ्याचदा अशीच उतरते. नाव होतं त्या वेळी जो औषध देत असेल त्याचं."

हे उत्तर त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. बरे झाले, पण स्वस्थ झाले नाहीत. उभ्यानं चहा सुरूच. आक्काला म्हणाले, एकेक परत सुरू करून बघतो, म्हंजे कोण वाईट ते कळंल. आक्का म्हणाली, "बघा की. आदी मला माहेरी सोडा, मग बघा." शेवटी एक दिवस गाडी घेऊन नांदेडला आले आणि मला म्हणाले, "चला. बाबाला इचारून येऊ."

इस्लापूरचे बाबा गोठ्यापाशी बसले होते. साडूंनी सगळं सांगितलं, मोजून-मापून, अपमान होऊ नये असं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कावीळ झाली. मग उतरली ना?"

"हाव."

"मग माझ्याच पुडीचा गुण."

हा हिशेब साडूंच्या ओळखीचा होता. "बाबा, पुडीत काय आसतंय?"

"ते सांगायचं न्हाई. सांगितलं की गुण जातो."

"आन् कुनाला बाधलं तर?"

"बाधलंय म्हनून माझ्याकडं आजवर कुनी आलं न्हाई," बाबा अभिमानानं म्हणाले. "येतेत ते समदे बरे झालेलेच." आणि परत होऊ नये म्हणून एक ताजी पुडी त्यांनी साडूंच्या हातावर ठेवली.

साडूंनी वाकून नमस्कार केला. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पुडी माझ्याकडं दिली. "तुमच्याकडं ठिवा. माझा माझ्यावर भरोसा न्हाई."

"बरे झालेलेच येतेत," ते म्हणाले. "न आलेले कुठं आसतील, पाव्हणं? मोंढ्यातल्या निम्म्या लोकांना मीच धाडलंय हितं."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "काय न्हाई, सहज केला. बरा हाईस ना? डोळे कसे हायत? न्हाई, सहज." एक झाला की दुसरा. पलीकडची माणसं बुचकळ्यात पडत असणार, कारण आजवर ह्या माणसानं औषध सांगितल्याशिवाय फोन ठेवलेला नव्हता.

एक फोन बराच वेळ वाजत राहिला आणि बंद झाला.

"शेतात असेल," मी म्हणालो.

"हाव," साडू म्हणाले, "शेतातच आसंल." आणि त्यांनी तो परत लावला.