मधमाश्यांना दिलेली खबर

घरातला धनी गेला की मधमाश्या पाळलेल्या पेंढ्याच्या टोपलीवर घराच्या किल्लीने तीनदा वाजवायचं आणि त्यांना खबर द्यायची, ही थॉर्नकोम गावाची रीत. खबर दिली नाही तर माश्या घर सोडतात. आणि धनी जिवंत असताना वाजवलं, तर खबर खरी व्हायला वेळ लागत नाही.

केझाया पमरीचा नवरा जेबेझ छप्पर शाकारताना पडला, त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हापासून तो अंथरुणावर, आणि ती लोकांच्या धुण्याशी नाहीतर त्याच्या उशाशी. त्या उन्हाळ्यात लंडनहून विंटल नावाचे चित्रकार आले. त्यांना माश्यांना खबर देणारी विधवा रंगवायची होती. मोबदला म्हणून हिवाळाभराचा कोळसा देणार होते.

"विधवा कुठे आहे मी, साहेब?"

"चित्रापुरतं, बाई. वाजवू नका. नुसता हात उचलून उभ्या राहा."

ती आत विचारायला गेली.

"राहा की उभी," जेबेझ म्हणाला. "गेल्या थंडीत नाक गळून पडायचं राहिलं माझं. फक्त किल्ली लागू देऊ नकोस."

"आणि लागली तर?"

"तर तुझं धुणं कमी होईल."

"जिभेला काही हाड, अहो."

"हाडं मोडली, म्हणून तर जीभ चालवतो."

त्यांच्या अंगणातल्या टोपलीला शोकाची काळी फीत बांधली गेली. केझाया दोन दिवस नीट उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून चार घरच्या चादरी उकळून ती आली होती. किल्लीचा हात वर होता, ऊन पाठीवर होतं. डोळे कधी मिटले ते कळलं नाही. हात खाली आला आणि पेंढ्याच्या टोपलीवर एकदा बोथट आवाज झाला.

त्या क्षणी तिच्या मनात आलं, चला, सुटले.

मग तिला स्वतःचीच भीती वाटली. ती गुडघ्यांवर बसली आणि टोपलीच्या तोंडाशी वाकली. "खोटं आहे. धनी घरात आहेत. सकाळी लापशी खाल्ली त्यांनी."

"बाई, चित्र अर्धं राहिलंय," विंटल म्हणाले.

"कोळसा तुमच्याकडेच राहू द्या, साहेब." तिने फीत सोडली.

आत जेबेझ जागाच होता. "ऐकलं मी. एकदाच वाजली ना?"

"एकदाच."

"तीनदा लागतं, वेडे. मग कोळसा कशाला घालवलास?"

त्याला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. तिने दोन्ही हात त्याच्या पाठीखाली घातले.