मजामां नथी

"ही पहिल्यांदा आली तेव्हा हिच्या अंगाला वास यायचा."

मोठे डॉक्टरसाहेब हे इंग्रजीत बोलले. माइकवर. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका हॉटेलचा थंडगार हॉल. समोर कोट घातलेले डॉक्टर, औषध कंपनीची माणसं, पहिल्या रांगेत एक गोरा पाहुणा. मी स्टेजवर, खुर्चीत. साहेबांना वाटलं, या बाईला इंग्रजी काय कळणार. मी बारावीपर्यंत शिकलेय. 'स्मेल' कळतं मला. 'बाथ' कळतं. आणि लोक हसले, ते कळायला तर शाळाही लागत नाही.

मी बरी झालेली बाई होते. मन खचतं त्या आजारावर कंपनीनं नवं औषध काढलं होतं, त्याची माणसांवर तपासणी चालली होती आणि मी त्या तपासणीतली पेशंट. पाहुण्यांना दाखवायला आणलेली. बाजारात म्हैस धुऊन पुसून उभी करतात, तशी मला उभी केली होती. अंगावरची साडीसुद्धा माझी नव्हती. "चारचौघांत नीट दिसली पाहिजेस," म्हणून ताईसाहेबांनी आपली एक जुनी साडी आईच्या हाती पाठवली होती.

ताईसाहेब म्हणजे आईच्या मालकीण. हरणीला एका सोसायटीत त्यांचा बंगला. त्यांचे कुणी पूर्वज संस्थानच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांची तलवार दिवाणखान्यात टांगलेली. आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. त्याही मराठी, आम्हीही मराठी. पण आमचं मराठीपण भुसावळकडून आलेलं, बापाच्या रेल्वेच्या नोकरीपाठोपाठ. बाप प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर होता. तो गेला, क्वार्टर सुटलं, मागच्या वस्तीत आम्ही मायलेकींनी खोली घेतली. ताईसाहेबांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा लाडानं विचारलं, "आपल्यातलीच ना गं तू?" मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून "बरं, बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बसले होते ते स्टूल दुसऱ्या दिवसापासून मागच्या ओट्यावर गेलं. आमची जात काय, ते आता वेगळं सांगायला नको.

माझा आजार सांगते. तेव्हा मी पंचविशीत होते. कुणी मेलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. पण सकाळी उठवत नव्हतं. वाडीतल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-बिडिंगचं काम मी घरी आणायचे. हात चांगला होता माझा, वरून टाका दिसायचा नाही. त्या दिवसांत मी सुई हातात धरून नुसती बसायचे. दोरा ओवायचं राहूनच जायचं. ढीग वाढला, दुकानदार दारात येऊन बोलून गेला. आईनं दृष्ट काढली, मीठमोहऱ्या ओवाळल्या, गंडा बांधला. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे एक वयस्कर डॉक्टरबेन होत्या. त्या कधी "कसं वाटतं" असं विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, "आ अठवाडिये केटली साडी थई?" या आठवड्यात साड्या किती झाल्या. पहिल्यांदा मी मान हलवली, एकही नाही. त्यांना तेवढ्यात सगळं कळलं. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. तोंड कोरडं पडायचं, दुपारी झापड यायची. पण हळूहळू दोरा सुईत जायला लागला. त्या हिवाळ्यात मी दुकानाचा मागचा ढीग उपसला. ताईसाहेबांच्या साड्यांनाही मीच फॉल लावून दिला. मला परत भूक लागायला लागली होती.

आणि आईनं चूक केली. चूक कसली, आईपण. भांडी घासता घासता ताईसाहेबांना आनंदानं सांगितलं, पोरगी गोळ्यांनी सुधारतेय. ताईसाहेबांचे कान टवकारले. त्या मोठ्या साहेबांच्या खासगी दवाखान्यात याच तपासणीचं काम बघायच्या. पेशंट मिळवायचे, वेळेवर हजर करायचे. ते दिवसच तसे होते. शहरात रोज काही नवं उघडत होतं, बाहेरच्या कंपन्या औषधं घेऊन आपल्याकडची माणसं शोधत येत होत्या. साहेबांना माणसं कमी पडत होती.

ताईसाहेब मला म्हणाल्या, "सरकारी गोळ्या कसल्या खातेस? हे फॉरेनचं औषध आहे, फुकट मिळतंय. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत."

दात मोजणार कोण? ज्या घरात आईची भाकरी, त्या घराला नाही म्हणायचं? माझ्यापुढे कागद आले. "इथे सही. इथे पण." आणि माझी पांढरी गोळी बंद झाली. नव्या औषधाचा गुण बघायचा तर जुनं अंगात नको, असं म्हणे. मी म्हणाले, "ताईसाहेब, ती गोळी लागू पडलीय मला." त्या म्हणाल्या, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

मग गुलाबी कॅप्सूल सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. मोठे साहेब हाताखालच्या तरुण डॉक्टरला सांगत होते, "आ लोकोने डिप्रेशन-बिप्रेशन कंई न होय. काम न करवानां बहानां." या लोकांना कसलं डिप्रेशन, कामाच्या नावानं बोंब, दुसरं काय. माझं डोकं भणाणलं. आजार नव्हता तर मला घेतलं कशाला? माझं दुःख खोटं होतं, पण त्यांच्या कंपनीला डोकी मोजून दाखवायला माझं डोकं खरं होतं. हे तेव्हा मनात आलं, तोंडावर आलं नाही.

मी जायचे तेव्हा तो तरुण डॉक्टर समोर कागद ओढायचा आणि म्हणायचा, "केम छो, बेन?"

मी म्हणायचे, "मजामां." मजेत आहे.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला केम छो म्हटलं की मजामां हे तोंडातून येतंच. त्याला विचार लागत नाही. माझ्या बापाची तिरडी दारात होती, काका तिच्यापाशी बसून रडत होता. कुणी शेजारी आला, सवयीनं केम छो म्हणाला, आणि काकाही रडता रडता मजामां म्हणाला. त्यात आमच्या घरची दुसरी रीत. मोठ्या माणसांपुढे रडगाणं गायचं नाही. बापानं साहेबांपुढे कधी गायलं नाही, आईनं ताईसाहेबांपुढे गायलं नाही. मी कुठून गाणार? त्या कागदावर प्रश्न होते. झोप लागते का, कामात जीव रमतो का, जगावंसं वाटतं का. एकेक विचारायचा, थांबायचं, माणूस बोलेल त्याची वाट बघायची, असं ते काम आहे. हे मला मागाहून कळलं. तो बिचारा बाहेरची गर्दी बघायचा, साहेबांची हाक ऐकायचा आणि माझ्या एका मजामांवर सगळ्या खुणा करून टाकायचा.

इकडे मी परत खाली जात होते. सुई पुन्हा हातातच राहायला लागली. आंघोळ नको, वेणी नको, बोलणं नको. साहेबांनी माइकवर सांगितला तो वास या दिवसांतला, पहिल्या दिवसाचा नाही. एका दुपारी मी छोट्या आगगाडीच्या रुळांवरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. का गेले, ते मला माहीत होतं. आई कशी कोण जाणे, मागून आली. तिनं हात धरला आणि घरी आणलं. काही विचारलं नाही. दोन दिवसांनी दवाखान्याची तारीख होती.

"केम छो, बेन?"

"मजामां."

आणि त्यांच्या लेखी मी बरी झाले. इतकी बरी, की पाहुण्यांपुढे ठेवावी.

तर मी त्या हॉलमध्ये, त्या खुर्चीत. लोक हसून झाले होते. साहेब पडद्यावर चढती रेघ दाखवत होते. ती रेघ म्हणजे माझ्यासारख्या बायका, बऱ्या होत चाललेल्या. मान वर करायची लाज वाटत होती, म्हणून मी खाली बघत होते. हात मांडीवर, बोटं साडीच्या काठाशी चाळा करत होती. काठ जरा उलटला. आतला फॉल दिसला. टाके बारीक, एकसारखे, वरून न दिसणारे. माझे टाके. आपला हात माणूस ओळखतो. त्या हिवाळ्यात लावलेला फॉल, पांढरी गोळी चालू होती तेव्हाचा.

मी त्या टाक्यांकडे बघत राहिले. मी बरी झाले होते. खरंच झाले होते. यांच्याकडे यायच्या आधी. हा पुरावा माझ्या अंगावर नेसवून यांनीच मला आणलं होतं, आणि माझं बरं होणं काढून घेऊन तेच टाळ्या घेत होते. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. कित्येक दिवसांत काहीच वाटत नव्हतं, आणि पहिलं जे वाटलं ते हे.

साहेब वळले, गोऱ्या पाहुण्याकडे बघून हसले आणि माइक माझ्या तोंडापुढे धरला. "बोलो बेन. केम छो?"

ओठांवर तोच शब्द आला होता. मी तो गिळला.

"मजामां नथी," मी म्हणाले. माइकवर माझाच आवाज मला केवढा तरी मोठा ऐकू आला. "साहेब, जरा पण मजामां नथी. पहेलां पण न हती. मारी जूनी गोळी पाछी आपो." मजेत नाही, आधी मजेत म्हणत होते तेव्हाही नव्हते, माझी जुनी गोळी परत द्या.

गोऱ्या पाहुण्यानं शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. साहेबांनी माइक स्वतःकडे ओढला आणि मी घाबरलेय असं इंग्रजीत सांगितलं. ताईसाहेब तरातरा स्टेजवर आल्या, दंड धरला, दातओठ खात मराठीत म्हणाल्या, "शोभतं का गं हे पाहुण्यांसमोर? आपली मराठी माणसं म्हणून केलं तुमचं."

स्टूल ओट्यावर गेलं तेव्हा मी कोण होते, ते माझ्या लक्षात होतं.

मी म्हणाले, "ताईसाहेब, पाहुणे तुमचे आहेत. आजार माझा आहे."

दंड सोडवून घेतला आणि चालत बाहेर आले. जिन्यात तो तरुण डॉक्टर धावत मागे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "बेन, तमे पहेलां केम न कह्युं?" आधी का नाही सांगितलंत?

"तमे पूछ्युं ज क्यां हतुं?" तुम्ही विचारलंतच कुठे?

मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, की काहींच्या कॅप्सूलमध्ये औषध असतं आणि काहींच्या कॅप्सूलमध्ये काहीच नसतं. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. मला काय मिळालं, ते आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही. सकाळी उठता येत नसताना, फाटकाशी उभी असताना माझ्या पोटात औषध होतं की नुसती भुकटी होती? त्यांना नंतर कळलंच असेल. मला कळवावंसं कुणाला वाटलं नाही.

आईचं काम दुसऱ्याच दिवशी सुटलं. साडी धुऊन, घडी घालून तिच्याच हाती परत पाठवली. पाठवताना मी फॉल उसवून घेतला. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मला वाटलं, कामापायी. मग एका दुपारी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्यांना मजामां म्हनत होती ते ठीक. मला बी म्हनत होती?"

तिला खोटं सांगत नव्हते मी. आम्हाला तेवढंच सांगायला शिकवलं होतं.

औषधं तपासूनच यायला हवीत, हे मला कळतं. माझी पांढरी गोळीही कधीकाळी कुणावर तरी तपासली असणार, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्या माणसाचं कुणी ऐकलं होतं म्हणूनच ती मला लागू पडली. न ऐकता माणूस तपासला तर ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार देणं आहे. त्याला संशोधन म्हणू नका.

मी परत सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबेन निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत नवा मुलगा, नुकता शिकून आलेला. मान खाली, हातात पेन.

"केम छो?"

"मजामां नथी," मी म्हणाले. "पेन खाली ठेवा. सांगते."

त्यानं वैतागून वर बघितलं. मागे रांग होती. मी उठले नाही. त्यानं पेन खाली ठेवलं, तेव्हा बोलायला लागले. गोळी घेतली आणि बाहेर आले. बाकावर एक नवी बाई बसली होती, पदर तोंडाशी धरून. शेजारी तिची सासू. मी तिच्या जवळ बसले आणि म्हणाले, "आत केम छो विचारतील. मजामां म्हणायचं नाही."

तेव्हापासून गोळी आणायला गेले की हेच करते. शिपाई हाकलतो. मी परत येऊन बसते.